द्राक्ष आपलं की बाहेरचं?

गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, द्राक्ष आपलं की बाहेरचं?" प्रश्न फळाचा होता, तरी वर्ग शांत झाला. हल्ली हा प्रश्न फळापुरता राहत नाही.

'द्राक्षा' हा जुना संस्कृत शब्द. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत या फळाचे औषधी गुण सांगितले आहेत. म्हणजे ओळख जुनीच. दख्खनमधल्या बागा मात्र इराण-अफगाणिस्तानातून आलेल्या लोकांबरोबर चौदाव्या शतकाच्या सुमारास वाढल्या, असे मानले जाते. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. पुढे १३४० च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे आला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली आहे.

या 'दोनदा'मागे आपले हवामान आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून माणसाला कात्री हातात घ्यावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत उन्हाच्या जोरावर घडाची तयारी होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर येतो. आजचा बागाईतदार छाटणी दोनदा करतो, पीक एकदाच घेतो.

हे मला अंगणात कळले. घाटनांदूरच्या आमच्या घरी वजूचे पाणी द्राक्षवेलीच्या आळ्यात जाते. तरी पाच वर्षे तिने नुसती पाने दिली, कारण भर उन्हाळ्यात हिरव्या वेलीवर कात्री चालवणे अम्मीला पटत नव्हते. एका एप्रिलमध्ये मी वेल खरडून काढली. अम्मी दोन दिवस बोलली नाही. पुढच्या फेब्रुवारीत चौदा घड लागले. पहिला शेजारच्या मावशींकडे गेला.

अंगणातल्या वेलीला कमी लेखू नये. १८९० च्या सुमारास हैदराबादच्या अब्दुल बाकर खान यांनी आपल्या बागेत एक वेल लावली. ती जात 'अनाब-ए-शाही'. तेव्हा आपला बीड जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. पुढे अनेक दशके या जातीने दक्षिणेतल्या बागा गाजवल्या. मग अमेरिकेतून 'थॉम्पसन सीडलेस' आली. तिच्यातूनच आपल्या शेतकऱ्यांनी नव्या जाती निवडल्या: तासगाव तालुक्यातून 'तास-ए-गणेश', तर सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांची 'सोनाका'. 'तास-ए-गणेश' हे नावच बघा. बांधणी फारसी वळणाची, गणेश आपला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून असे शब्द चटकन दिसतात. 'बाग' फारसी. 'बेदाणा' म्हणजे बे-दाना, बी नसलेला. 'कलम' अरबी: लिहायचेही तेच, झाडाचेही तेच. हे शब्द काढून तासगावच्या शेतकऱ्याला द्राक्षाविषयी बोलायला सांगा, तो अडखळेल. 'द्राक्ष' आणि 'वेल' काढले तरी अडखळेल.

दुसऱ्या दिवशी मी छाटणीच्या काड्या वर्गात नेल्या आणि त्या मुलाला एक दिली. दोन डोळे मातीत, दोन वर ठेवून लाव, एवढेच सांगितले. परवा त्याने कळवले की अंगणात कुंडी भरली आहे. आता फुटवा कधी येतो, हे रोज तोच मला सांगणार आहे.