टाकी आली, मातीची परीक्षा राहिली

कल्याणहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे पडलं की वैशाखरे येतं. नाणेघाटाची वाट याच परिसरातून वर चढते. घाटात कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत. अखंड कातळ पाणी पीत नाही, म्हणून ती पाणी धरून आहेत. घाटाखालीही तोच काळा कातळ आहे. वर माती-मुरुमाचा पातळ थर. मुरबाड-शहापूर पट्ट्यात अशाच जमिनीवर आता बंगल्यांचे प्लॉट पडताहेत आणि प्रत्येक प्लॉटवर एक सेप्टिक टँक, शेजारी एक शोषखड्डा ठरलेला. या जोडीचा माग काढला पाहिजे, कारण आपल्यापर्यंत येताना तिच्यातलं सगळ्यात महत्त्वाचं अंग वाटेत गळालं.

फ्रान्समधल्या व्हेझुल गावी जाँ-लुई मुरा यांनी १८६०च्या सुमारास मैल्यासाठी बंद टाकी बांधली. काही वर्षांनी उघडली तर आत घट्ट मैला जवळजवळ नव्हताच. १८८१मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडातल्या एक्सेटरचे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५च्या सुमारास सुधारित टाकी बांधून तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं. मुंबई तेव्हा मुळीच मागे नव्हती. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लागत होते.

पण टाकी निम्मंच काम करते. गाळ तळाशी बसतो, कुजतो; वरून वाहणाऱ्या पाण्यात मात्र रोगजंतू तसेच असतात. ते गाळून घ्यायचं काम मातीचं. कोणती माती किती पाणी पेलते, हे १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांनी खड्डे खणून मोजलं. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७०मध्ये हीच परीक्षा आहे. खड्डा खणायचा, तळाशी खडी घालायची, रात्रभर पाणी भरून माती भिजू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटं लागली तर खड्डा नको, लांब चर हवेत. त्याहून जास्त वेळ लागला तर पाणी जमिनीत सोडायचंच नाही. खडीच्या गाळणीतून काढायचं.

आपल्याकडे टाकी गवंड्याच्या हाती आली, शोषखड्डाही आला. हे मोजमाप कागदावर राहिलं. वैशाखऱ्यासारख्या गावात ते सोडून चालणारच नाही. भातखाचरात पिढ्यानपिढ्या चिखलणी केली ती पाणी वर साचून राहावं म्हणूनच. त्या जमिनीनं अचानक सांडपाणी शोषावं, ही अपेक्षाच चुकीची. खाचराखालचा मुरूम उलट फसवा. त्यातून आणि खालच्या कातळाच्या भेगांतून पाणी सरसर उतरतं, न गाळता थेट खालच्या विहिरीकडे जातं. परीक्षा उत्तम झाली असं वाटतं आणि विहीर नासते. त्यातून ही परीक्षा मे महिन्यात घेतली तर तिला अर्थ नाही. श्रावणात इथल्या विहिरी काठोकाठ असतात. तेव्हा शोषखड्डा रिकामा होण्याऐवजी खालूनच भरतो. जमिनीखालचं पाणी १८० सेंटिमीटरच्या आत असेल तर चर उंचवट्यावर घ्यावेत, असं मानक सांगतं, ते यासाठीच.

आपल्या मातीला विचारून काम करणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारे संडास बांधले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी पुढे संडासाला गोबरगॅससारखी टाकी जोडली. सोपं, गावात दुरुस्त होणारं काम. त्यांचे धडे प्लॉटच्या नकाशांपर्यंत पोचले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन गुंठ्यांचा प्लॉट साधारण ३३ फूट बाय ६६ फूट. मानकाप्रमाणे शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट हवेत. बोअर एका टोकाला आणि खड्डा दुसऱ्या टोकाला घेतला तर जेमतेम बसतं. पण मागच्या प्लॉटवाल्यानं बोअर खड्ड्याकडच्या बांधाला मारली, तर अंतर चार-सहा फुटांवर येतं. उतारावर वरच्या रांगेचे खड्डे खालच्या रांगेच्या बोअरच्या डोक्यावर येतात. एकेका मालकाला हे सोडवता येत नाही. प्लॉटची आखणी व्हायच्या आधी पावसाळ्यात सगळ्या जमिनीवर खड्डे घेऊन परीक्षा करावी, बोअर वरच्या अंगाला एकत्र ठेवाव्यात आणि सगळ्या टाक्यांचं पाणी खालच्या अंगाला सामाईक गाळणीत आणावं. त्या गाळणीची आणि गाळ उपसणाऱ्या टँकरच्या वाटेची जागा विक्रीच्या नकाशातच राखून ठेवावी लागेल.