कानसेनांचा प्रतिवाद : नाट्यपद, समीक्षक आणि वन्समोअर

समीक्षेचा इतिहास बहुधा समीक्षकांनी लिहिलेल्या मजकुरावरून लिहिला जातो. परीक्षण छापले जाते, जपले जाते, पुढे ग्रंथात संगृहीत होते. त्या परीक्षणावर सभागृहाबाहेर, ओसरीवर किंवा चहाच्या टेबलाशी झालेला वाद मात्र हवेत विरतो. संगीतासारख्या प्रयोगनिष्ठ कलेच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. तेथे आस्वादकाचे मत कित्येकदा समीक्षकाच्या मताविरुद्ध उभे राहिलेले असते आणि कालांतराने ग्राह्यही ठरलेले असते.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 1967 साली निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने लेड झेपेलिन या बँडच्या पहिल्या अल्बमची 1969 मध्ये प्रतिकूल संभावना केली. पुढच्याच वर्षी ब्लॅक सॅबथच्या वाट्यालाही तेच आले. चाहत्यांनी दोन्ही निवाडे मानले नाहीत. 2003 मध्ये त्याच नियतकालिकाने सिद्ध केलेल्या 500 श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत लेड झेपेलिनच्या त्या पहिल्या अल्बमला स्थान मिळाले. समीक्षकांचे कान बिघडलेले होते, असा याचा अर्थ नव्हे. गीताचे शब्द, त्यांतील आशय आणि ब्लूज परंपरेशी असलेले इमान या निकषांवर ते अल्बम जोखत होते. ऐकणारे मात्र ध्वनीचे वजन, आवाजाचा पोत आणि त्यांतून मिळणारा देहगत अनुभव यांविषयी बोलत होते. एकाच कृतीविषयी दोन भिन्न प्रश्न विचारले जात होते.

मराठीत असा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे; त्याचे क्षेत्र संगीत नाटक हे होय. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदे होती. परंतु ती बव्हंशी कथानकाच्या ओघात, संवादाचे कार्य करीत येत. 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि ठुमरी, दादरा, ख्याल यांचे बैठकीतील वळण रंगमंचावर अवतरले. 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींनी ही दिशा दृढ केली. येथून संगीत नाटकाचे अस्तित्व दुहेरी झाले. संहिता म्हणून ते वाङ्मयाच्या कक्षेत राहिले, तर पद म्हणून ते संहितेतून निसटून स्वतंत्रपणे संचार करू लागले. ग्रामोफोनच्या तबकडीने या निसटण्याला वस्तुरूप दिले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात पात्र, प्रसंग आणि कथानक गळून पडे, उरे तो केवळ गळा.

वाङ्मयीन समीक्षेचा आक्षेप या ठिकाणी सुरू होतो. नाटकाची मैफल झाली, पात्राचा गवई झाला, रसपरिपोषाऐवजी तानबाजी आली, ही तक्रार मराठी नाट्यविचारात पिढ्यानुपिढ्या आढळते. तक्रार निराधार नव्हती. शोकाकुल नायिका पुनःपुन्हा तेच पद आळवू लागली, तर शोकाचा भंग होणारच. तथापि या तक्रारीला प्रेक्षागृहातून मिळणारे उत्तर लेखी नव्हते. ते ‘वन्समोअर’ या एका शब्दात होते.

‘वन्समोअर’ हा संगीत नाटकाच्या इतिहासातील एक गंभीर दस्तऐवज मानला पाहिजे. त्याकडे केवळ हौशी गोंगाट म्हणून पाहिल्यास त्याची चिकित्सक बाजू नजरेआड होते. जाणता नट पद पुन्हा गाताना त्याची नक्कल करीत नसे. दुसऱ्या आवर्तनात आलापाची जागा बदले, एखाद्या शब्दावर नवा स्वरविस्तार होई. म्हणजे श्रोत्याची मागणी पुनरुक्तीची नसून पर्यायाची होती. कोणत्या पदाला ती मिळाली, कोणत्या नटाला मिळाली, कोणत्या गावी मिळाली नाही, या भेदांत एक मूल्यव्यवस्था दडलेली आहे. ‘तानसेन होता आले नाही, तरी कानसेन व्हावे’ असे आपल्याकडे म्हटले जाते. या कानसेनाची समीक्षा लिहिलेली नसली, तरी ती निकषशून्य नव्हती.

या व्यवस्थेचा दुसरा पैलू म्हणजे पक्षनिष्ठा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट पडलेले होते: एकीकडे गोडव्याची, लडिवाळ लयीची ओढ, तर दुसरीकडे तेजस्वी, झेपावणाऱ्या आवाजाची. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव निवर्तले आणि तो प्रयोग दंतकथेत जमा झाला. त्या रात्री कोण सरस ठरला, हा वाद पुढे प्रयोग न पाहिलेल्या पिढ्यांनीही चालविला. प्रत्यक्ष श्रवणाचा आधार संपल्यावरही चालणारा वाद हा आस्वादाचा नसून आत्मओळखीचा असतो. चाहत्याच्या बाजूची ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. उत्तरकालीन बालगंधर्वांना ऐकणारे कित्येक भक्त कानांनी कमी आणि स्मृतीने अधिक ऐकत होते. थकलेला गळा ओळखणारा समीक्षकच तेथे अधिक प्रामाणिक ठरतो.

दोन्ही बाजूंमधील दुवा केशवराव भोळे (1896–1977) यांच्या लेखनात सापडतो. ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांची चिकित्सा करणारे भोळे स्वतः गाणारे आणि संगीतरचनाकार होते. गायकाचा आवाज कोठे लागतो, शब्द कसा फेकला जातो, लयीशी त्याचे नाते कसे आहे, अशा ऐकण्यातून तपासता येणाऱ्या गोष्टींकडे त्यांनी लक्ष वेधले. परिणामी वाचकाला त्यांच्याशी भांडता येत होते. निवाड्यामागची कारणे समोर होती. भोळे यांचाच सहभाग असलेल्या ‘नाट्यमन्वंतर’ने 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ सादर करून पदांची संख्या आटोक्यात आणली आणि गाण्याला पुन्हा प्रसंगाशी बांधले. समीक्षेने मागितलेली सुधारणा प्रत्यक्षात आली. मात्र संस्था अल्पायुषी ठरली आणि जुन्या पदांच्या तबकड्या घरोघरी वाजतच राहिल्या.

1967 हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी बालगंधर्वांचे निधन झाले. त्याच वर्षी तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आले आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ही आले. वाङ्मयीन समीक्षेची बौद्धिक शक्ती, स्वाभाविकपणेच, तेंडुलकरांच्या नाटकाकडे वळली. ‘कट्यार’ श्रोत्यांनी उचलून धरले: जितेंद्र अभिषेकींच्या चालींसाठी आणि वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसाठी. गंमत अशी की या नाटकाचा विषयच मुळी संगीतावर हक्क कोणाचा हा आहे. घराण्याच्या भिंतीआडचे गाणे चोरून ऐकणारा सदाशिव हा एका अर्थी कानसेनाचाच प्रतिनिधी होय. ऐकण्यातून अधिकार उत्पन्न होतो, असा दावा ते नाटक करते. त्याच वर्षी हान्स रॉबर्ट यौस यांनी कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात वाङ्मयेतिहास हा ग्रहणाचा इतिहास असला पाहिजे, अशी भूमिका मांडली. मराठी समीक्षेने पुढे ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संज्ञा स्वीकारली. पण तिचे उपयोजन छापील संहितेच्या वाचकापुरतेच बव्हंशी मर्यादित राहिले. नाट्यगृहातील श्रोता त्या क्षितिजाबाहेरच उभा राहिला.

हा श्रोता कोठे राहत होता, याचे एक उत्तर ठाण्यात मिळते. ‘मंदारमाला’ (1963) या विद्याधर गोखले यांच्या नाटकाला संगीत देणारे आणि त्यात भूमिका करणारे राम मराठे (1924–1989) हे ठाणेकर. गोखल्यांची अनुप्रासप्रचुर, अलंकृत भाषा आधुनिकतावादी अभिरुचीला कालबाह्य वाटावी, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याच नाटकातील राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी श्रोत्यांच्या कानात टिकली. नौपाड्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी वस्तीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, मासुंदा तलावाकाठी, 1978 साली गडकरी रंगायतन उभे राहिले आणि या श्रोतृवर्गाला आपल्या गावातच हक्काचे नाट्यगृह लाभले. मराठे यांच्या पश्चात त्यांच्या नावाने ठाणे महापालिकेचा स्मृतिसमारोह सुरू झाला. समीक्षेने क्वचितच दखल घेतलेली परंपरा अशा रीतीने नागरी स्मृतीचा भाग बनली. समीक्षक ग्रंथांतून प्रमाणकृती ठरवितात. श्रोते समारोहांतून आणि नित्याच्या गुणगुणण्यातून.

तर मग समीक्षकाचे काय प्रयोजन? श्रोत्यांचा कौल अंतिम मानला, तर समीक्षा लोकप्रियतेची नोंदवही ठरेल. तो त्याज्य मानला, तर ती एका कलेविषयी बोलताना तिचा निम्मा भाग ऐकणारच नाही. रोलां बार्थ यांनी 1972 मध्ये ‘आवाजाचा कण’ ही कल्पना मांडून संगीतसमीक्षा विशेषणांवर तगते, या दुखण्यावर बोट ठेवले होते. मराठी परंपरेने याला दिलेले एक उत्तर कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात आहे. तेथे एक श्रोता आपले श्रवण गाऊन दाखवितो: काय घेतले, काय सोडले, कोठे थांबलो. शीर्षकातील ‘मला उमजलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांत व्यक्तिनिष्ठेची कबुली आहे. ‘उमजणे’ या क्रियापदात आकलनाची जबाबदारीही आहे. भक्त केवळ आवडल्याचे सांगतो, न्यायाधीश केवळ निकाल देतो. उमजलेले मांडणारा दुसऱ्याला पुन्हा ऐकण्यास भाग पाडतो. वन्समोअरची मागणीही, तिच्या उत्तम रूपात, हीच होती.