देणगीचं कापड

गुलामाने काय नेसावं याचाही कायदा असतो. आपल्याकडे तो गावाच्या तोंडी असायचा, अमेरिकेत छापलेला होता. साऊथ कॅरोलिनात १७४० साली निग्रो ॲक्ट झाला. काळ्या गुलामाच्या अंगावर कोणकोणतं जाडंभरडं कापड चालेल, त्याची यादीच त्यात दिली. त्याहून चांगलं दिसलं की शिपायाने ते काढून घ्यायचं आणि स्वतःकडे ठेवायचं! १९२८ साली इंदूरकडच्या सवर्णांनी बलाई लोकांना फर्मावलं, पागोट्याला जर नको, धोतराला रंगीत काठ नको. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते नोंदवून ठेवलंय.

बुकर टी. वॉशिंग्टन हा व्हर्जिनियात गुलाम म्हणूनच जन्मला. पोरांना जवसाच्या टाकाऊ धाग्याचा सदरा मिळायचा, नवा असताना अंगाला काट्यांसारखा टोचायचा. थोरला भाऊ जॉन तो सदरा आधी आपल्या अंगात घालायचा, काही दिवस वापरून मऊ करून धाकट्याला द्यायचा. पुढे हा माणूस केवढा मोठा झाला, पण मला त्याच्या चरित्रातला हा भाऊच जास्त आठवतो.

१८६५ ला गुलामी सुटली. १८७२ ला हा पोरगा हॅम्प्टनच्या शाळेत पोचला तेव्हा खिशात ५० सेंट. पायमोज्यांचा एकच जोड, रात्री धुवायचा, शेकोटीपाशी वाळवायचा, सकाळी पुन्हा तोच. उत्तरेच्या राज्यांतून जुन्या कपड्यांनी भरलेली पिंपं शाळेत यायची. त्यातलेच कपडे त्याने वापरले. ती पिंपं नसती तर आपलं शिक्षण पुरं झालं असतं का, अशी शंका त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. तेव्हा देणगीच्या कापडाला नुसती नाकं मुरडून चालणार नाही. उघड्या अंगाने कोण शाळेत बसणार?

पण कापडामागून अट येते. १८८२ साली जॉन एफ. स्लेटर या कापडगिरणीवाल्याने काळ्यांच्या शिक्षणासाठी १० लाख डॉलर दिले. युद्धाआधी अमेरिकेतल्या कापडगिरण्या चालत होत्या त्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर. म्हणजे कापूस ज्यांनी वेचला त्यांच्याच पोरांना ही देणगी! फंडाचा ओढा हातकामाकडे. पैसा हवा तर मुलांना सुतारकी शिकवा, मुलींना शिवण शिकवा. सुई वाईट नाही मित्रांनो, सुईवर घरं चालतात. पण सुईच्या पुढे जायचं नाही हे ठरवणारा कोण? आपल्या वस्तीत शिवणयंत्रं वाटतात, पुढारी हार घालून घेतो. तिथे एखाद्या पोरीने कॉलेजची फी मागून बघावी.

या फंडाकडे एकाने तसंच मागितलं. फंडाचे प्रमुख होते माजी राष्ट्राध्यक्ष हेज. १८९० साली ते बोलून गेले की युरोपात शिकायला पाठवण्याजोगा काळा तरुण सापडत नाही, सापडतात ते वक्तेच. हार्वर्डला शिकणाऱ्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसने अर्ज केला. नकार आला. मग त्याने हेजना खरमरीत पत्र लिहिलं आणि अर्ज पुन्हा लावून धरला. १८९२ ला फंडाने त्याला बर्लिनला पाठवलं, निम्मे पैसे देणगी, निम्मे कर्ज. पुढे १९०३ साली याच डू बॉइसने बुकर वॉशिंग्टनच्या हातकामी शिक्षणावर जाहीर टीका केली.

बर्लिनची पदवी मात्र त्याला मिळाली नाही. आणखी एका वर्षाचे पैसे त्याने मागितले, ते फंडाने दिले नाहीत. परत येऊन १८९५ ला त्याने हार्वर्डची पीएच.डी. घेतली.