द्रुत रेडिओ स्फोट : उच्च ऊर्जेच्या सहचारी प्रारणाचा शोध

आकाशातील एखाद्या दिशेकडून काही मिलिसेकंदच टिकणारे अतितीव्र रेडिओ तरंग येतात, त्यांना द्रुत रेडिओ स्फोट म्हणतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मी. व्यासाच्या दूरदर्शकाने २००१ मध्ये केलेल्या नोंदींत डी. आर. लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ मध्ये असा पहिला स्फोट आढळला. त्यातील कमी कंप्रतेचे तरंग जास्त कंप्रतेच्या तरंगांहून उशिरा पोहोचले होते. हा विलंब आकाशगंगेतील इलेक्ट्रॉनांमुळे होऊ शकणाऱ्या विलंबाहून पुष्कळच अधिक असल्याने उद्‌गम दूरच्या दीर्घिकेत असावा, असे अनुमान निघाले. उद्‌गमाचे स्वरूप मात्र केवळ रेडिओ तरंगांवरून ठरेना. त्याच क्षणी क्ष-किरण वा गॅमा किरण बाहेर पडत असल्यास ते ठरविता येईल, या अपेक्षेने शोध सुरू झाला.

पहिली वर्षे निराशेची गेली. २०१३ मधील एका स्फोटाबरोबर स्विफ्ट उपग्रहाने सु. ३७७ सेकंद गॅमा किरण टिपल्याचा दावा २०१६ मध्ये करण्यात आला. परंतु त्याची सांख्यिकीय विश्वसनीयता बेताचीच होती व त्याला पुष्टी मिळाली नाही. त्याच वर्षी एफआरबी १२११०२ या उद्‌गमातून पुनःपुन्हा स्फोट होतात, हे प्रसिद्ध झाले. निदान हा उद्‌गम तरी स्फोटात नष्ट होत नव्हता. चंद्रा व एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहांनी रेडिओ दूरदर्शकांबरोबरच त्याचे निरीक्षण केले, तरी क्ष-किरण आढळले नाहीत. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विकसित झालेल्या कठीण क्ष-किरण उपकरणाच्या नोंदींत ४१ स्फोटांच्या वेळा तपासण्यात आल्या. तेथेही काही मिळाले नाही. अशा नकारात्मक निष्कर्षांना सहसा श्रेय मिळत नाही, पण क्ष-किरणांच्या ऊर्जेची कमाल मर्यादा त्यांनीच आखून दिली.

२८ एप्रिल २०२० रोजी चित्र पालटले. आकाशगंगेतीलच एसजीआर १९३५+२१५४ या अतिप्रखर चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून (मॅग्नेटारकडून) आलेला रेडिओ स्फोट कॅनडातील चाइम व अमेरिकेतील स्टेअर-२ यांनी नोंदला. त्याच वेळी इंटिग्रल, कोनस-विंड, अजिले व चीनचा इनसाइट-एचएक्सएमटी यांना क्ष-किरणांचा स्फोट दिसला. एचएक्सएमटीच्या नोंदीत सु. ३० मिलिसेकंद अंतराने दोन शिखरे होती. रेडिओ स्फोटाची दोन शिखरेही जवळजवळ तेवढ्याच अंतराने होती. रेडिओ ऊर्जा क्ष-किरण ऊर्जेच्या सु. एक लक्षांश भरली. हाच क्ष-किरण स्फोट दूरच्या दीर्घिकेत झाला असता, तर तो कोणत्याही उपग्रहाला दिसला नसता. आधीच्या अपयशाचे एक कारण त्यावरून उमगते.

तथापि या घटनेच्या काही तास आधी चीनमधील फास्ट या ५०० मी. दूरदर्शकाचा रोख त्याच ताऱ्याकडे असताना त्याच्याकडून २९ उच्च-ऊर्जा स्फोट झाले होते. त्यांपैकी एकाबरोबरही रेडिओ तरंग आले नाहीत.