लष्करी गुपितांची फूट आणि लोकप्रतिक्रिया (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

संरक्षण खात्याची गोपनीय माहिती बाहेर गेल्यावर पिंपरी-चिंचवड, देहूरोड, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यात लोक काय बोलतात, कुणावर चिडतात आणि काय विसरून जातात, याची ही नोंद. माहिती दोन वाटांनी फुटते. एक वाट परक्या देशाच्या हस्तकाकडे जाते, दुसरी पत्रकाराच्या टेबलावर. दोन्ही वाटांवर कायदा एकच उभा आहे, १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. लोकांच्या लेखी मात्र या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि या बाबतीत लोकांची समज कायद्यापेक्षा शहाणी आहे.

हा पट्टा मोटारींचा म्हणून ओळखला जातो, पण लष्कर इथे मोटारींच्या आधी आले. शेजारच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, देहूरोडला आयुध निर्माणी आणि दारूगोळ्याचे कोठार, दिघीला संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) संशोधन संस्था, तळेगावला लार्सन अँड टुब्रोचा संरक्षण सामग्रीचा कारखाना अशी ही माळ आहे. ‘फॅक्टरीत’ नोकरी म्हणजे सरकारी आयुध निर्माणीत नोकरी, हे जुन्या वस्त्यांत वेगळे सांगावे लागत नाही. आत काय बनते ते साधारण सगळ्यांना ठाऊक असते. किती बनते आणि कुठे जाते, हे विचारायचे नसते. ही शिस्त घरातूनच येते, त्यासाठी कायद्याचे कलम कुणी वाचलेले नसते.

गुप्ततेचा प्रत्यक्ष चटका इथे बसतो तो रेड झोनमुळे. १९०३ च्या संरक्षण बांधकामविषयक कायद्याखाली देहूरोडच्या कोठाराभोवती २,००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे. निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे, चिखली या भागांतील हजारो घरे या रेषेच्या आत-बाहेर अडकली आहेत. दिघी-भोसरीकडे दुसरी रेषा आहे. घर घेताना ‘रेड झोनमध्ये आहे का?’ हा पहिला प्रश्न, बँकेचा आणि सासऱ्याचाही. प्रत्येक निवडणुकीत या रेषेवर आश्वासने झडतात. मागणी साधी आहे: रेषा नेमकी कुठून जाते ते मोजून, गट क्रमांकानिशी दाखवा. कोठारात काय ठेवले आहे याची चौकशी कुणी करत नाही, आपले घर आत की बाहेर एवढेच हवे असते. लष्करी गुपितांबद्दलचे इथले लोकमत समजून घ्यायचे असेल, तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

पहिल्या वाटेवरचे, म्हणजे परक्या हस्तकाकडे माहिती गेल्याचे, सर्वांत गाजलेले प्रकरण दिघीचे. डीआरडीओच्या संशोधन व विकास आस्थापना (अभियंते) या संस्थेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने ३ मे २०२३ रोजी अटक केली. ही संस्था लष्करासाठी पूल, क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपक, बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ यंत्रमानव अशी सामग्री विकसित करते. तक्रार डीआरडीओनेच दिली होती. जूनअखेर दाखल झालेले आरोपपत्र १,८०० पानांहून मोठे होते. ‘झारा दासगुप्ता’ या नावाने, इंग्लंडमध्ये नोकरी करणारी सॉफ्टवेअर अभियंता असल्याचे भासवून पाकिस्तानी हेरखात्याच्या हस्तकाने व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क साधला आणि संभाषणांत क्षेपणास्त्रांपासून ड्रोनपर्यंतचे विषय निघाले, असे पथकाचे म्हणणे. ते आरोपपत्र आहे, निकाल नव्हे, हे त्या दिवसांत फार थोड्यांनी ध्यानात ठेवले.

धक्का मोठा होता, कारण आरोपी कुणी कारकून किंवा कंत्राटी कामगार नव्हता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेला, सभा-संमेलनांतून बोलणारा, निवृत्तीला काही महिने उरलेला संचालक होता. मध्यमवर्गीय मराठी घरांत ‘आपल्यातलाच माणूस’ ही चुटपुट रागाहून मोठी होती. राजकारण दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाले. कुरुलकर यांनी एका मुलाखतीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी घराण्याचे जुने नाते सांगितले होते. काँग्रेसने तोच धागा पकडला, संघाच्या समर्थकांनी तो झटकला. त्यानंतर आरोपपत्रातील संभाषणे वर्तमानपत्रांत उतरू लागली आणि चर्चेचा रोख बदलला. कोणती माहिती गेली, तिने नुकसान किती झाले, संस्थेतील दक्षता यंत्रणेला इतके महिने पत्ता कसा लागला नाही, हे प्रश्न मागे पडले. बाई कोण होती आणि काय बोलली, हे पुढे आले. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत विनोद फिरले. देशाच्या गुपितांचा खटला शेवटी हनीट्रॅपच्या किश्शावर आला. यात वाचकांइतकाच पत्रकारितेचाही दोष आहे, आणि तपास यंत्रणेचाही, कारण चविष्ट तपशील नेहमीच कुठून तरी झिरपतात.

दुसऱ्या वाटेवर, म्हणजे माहिती पत्रकाराकडे गेल्यावर, लोक वेगळे वागतात. लष्करप्रमुख व्ही. के. सिंग यांनी १२ मार्च २०१२ रोजी पंतप्रधानांना पाठवलेले पत्र महिनाअखेर ‘डीएनए’ या मुंबईच्या दैनिकाने छापले. रणगाड्यांचा दारूगोळा अपुरा, हवाई संरक्षण सामग्री बहुतांश कालबाह्य, असे त्यात होते. संसदेत गदारोळ झाला, खुद्द सिंग यांनी पत्र फोडणे हा देशद्रोह असल्याचे म्हटले. इथल्या निर्माणींच्या परिसरात मात्र तुटवड्याची बातमी कुणाला नवी वाटण्यासारखी नव्हती. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तीच गोष्ट आकड्यांनिशी संसदेपुढे ठेवली: तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. पत्रात होते तेव्हा जे गुपित होते, ते अहवालात आल्यावर सार्वजनिक झाले. शत्रूला त्यातून कळायचे ते दोन्ही वेळा सारखेच कळले असते.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या २२,४०० पानांच्या कागदपत्रांची बातमी दिली. या पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जात होत्या. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नौदलाला अभ्यास करण्यास सांगितले. फूट भारताबाहेर झाल्याचे नौदल म्हणाले. पाणबुड्यांचा आराखडा करणाऱ्या फ्रेंच कंपनीने ऑस्ट्रेलियात न्यायालय गाठून पुढची प्रसिद्धी थांबवली. आपल्या कुणाचे बोट त्यात नाही हे कळताच इथला रस संपला.

‘फोडले कुणी?’ या प्रश्नाचे उत्तर देशाबाहेरचे निघाले की लोक शांत होतात, देशातले निघाले की पक्षांप्रमाणे वाटले जातात. २०२१ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांच्या आरोपपत्रातून एका वृत्तवाहिनीच्या संपादकाची बालाकोट हल्ल्याआधीची संभाषणे बाहेर आली. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी गुपिते कायद्याखाली कारवाईचा विचार बोलून दाखवला. त्या वेळी कोण चिडणार आणि कोण गप्प बसणार, हे आदल्या दिवशीच सांगता आले असते.

नाशिकजवळच्या देवळाली छावणीचे प्रकरण सर्वांत कडू. २०१७ च्या फेब्रुवारीत ‘द क्विंट’ने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत दाखवली: जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामे करावी लागतात, कुत्री फिरवावी लागतात. काही दिवसांनी तीत बोललेला एक जवान छावणीत मृतावस्थेत सापडला. नाशिक पोलिसांनी महिला पत्रकार आणि कारगिल युद्धात लढलेल्या एका माजी सैनिकावर गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. लोकांत दोन तट होते. जवानाचा चेहरा, आवाज नीट झाकला नाही म्हणून पत्रकारावर राग होता, आणि तो रास्त होता. पण कुत्रे फिरवणे हे लष्करी गुपित कसे, हा प्रश्न माजी सैनिकांच्या कुटुंबांत जास्त टोकदार होता. अशी कुटुंबे या पट्ट्यात कमी नाहीत.

त्याच महिन्यातला आणखी एक निकाल महत्त्वाचा. राफेल खरेदीचे कागद ‘द हिंदू’ने छापले, सरकारने ते चोरीचे म्हणून न्यायालयाने पाहू नयेत असा आक्षेप घेतला. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ‘गोपनीय’ शिक्का असलेले कागद छापण्यापासून रोखण्याचा अधिकार हा कायदा सरकारला देत नाही, असे न्यायालयाने नोंदवले.

चाकणच्या कामगाराला गुप्तता रोज भेटते, पण कंपनीच्या गेटवर. सुरक्षारक्षक मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो, सुटी झाल्यावर तो काढून गेटच्या लोखंडी खांबाला चिकटवला जातो. खांबावर थर साचलेले असतात. बाहेर नाशिक रस्त्यावर मात्र काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली नवी गाडी चाचणीला निघते आणि चहाच्या टपरीवरून तिचे फोटो गाड्यांच्या मासिकांपर्यंत पोचतात. यात कुणाला गैर वाटत नाही. आता याच वसाहतींतले लघुउद्योजक संरक्षण खात्यासाठी सुटे भाग बनवू लागले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात राज्याचे संरक्षण प्रदर्शन भरले, तेव्हा लोकांनी तोफांपुढे उभे राहून सेल्फी काढले. कोणते ड्रॉइंग दाखवायचे आणि कोणते कपाटात ठेवायचे, हे या व्हेंडरांना शिकवणारी व्यवस्था स्टिकरच्या फार पुढे गेलेली दिसत नाही.

गुपितांचा कायदा शंभरी ओलांडूनही लागू आहे. कलम ३ खाली लष्करी हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम ५ खाली अनधिकृतपणे माहिती देणे-घेणे यांना तीन वर्षांपर्यंत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(२) ने सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा दिली आहे. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये गुपिते अधिनियम रद्द करून हेरगिरीच्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घालाव्यात, अशी शिफारस केली होती. ती सरकारने स्वीकारली नाही.