खांब दिला, तो कोणाला? कार्ले, जुन्नर, नाशिकच्या पाच लेखपंक्तींवर भाष्य

इंद्रायणी लोणावळ्याकडून ज्या खोऱ्यातून उतरते, त्याच खोऱ्यावर कार्ल्याचं चैत्यगृह आहे. त्यातल्या काही खांबांवर देणाऱ्यांनी आपली ओळख ‘यवन’, म्हणजे ग्रीक, अशी कोरून ठेवली आहे. काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. एमिल सेनार यांनी 1902-03 च्या ‘एपिग्राफिया इंडिका’त हे लेख वाचून छापले आणि राहून गेलेले काही पुढे माधो सरूप वत्स यांनी प्रसिद्ध केले.

अथेन्सच्या तत्त्वज्ञांचा एक जुना वाद आहे. देवाधर्मासाठी द्यायचं ते कशाकरता, आणि दिलेलं पोचतं कोणाला? खालच्या पंक्ती या वादासमोर धरून वाचल्या आहेत. कार्ल्याच्या यवनांनी प्लेटो वाचला होता, असं मात्र मला म्हणायचं नाही. त्यांच्या लेखांत तसा धागाही नाही.

१. धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं
(कार्ले, चैत्यगृहातला खांब: धेनुकाकटाच्या सिंहध्वज यवनाचं खांबाचं दान.)

*धेनुकाकटा.* दात्याचं गाव. ते कोणी डहाणूला नेलं, कोणी आंध्रातल्या धरणीकोटला. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याच्या आसपासच शोधलं. त्याला आणखी एक पुरावा आहे. तळेगावजवळ शेलारवाडीच्या लेण्यात धेनुकाकटाच्याच एका नांगरधारी कुणब्याच्या बायकोनं लेणं दिल्याचा लेख आहे. म्हणजे हे निव्वळ परक्या व्यापाऱ्यांचं ठाणं नव्हे. यवन आणि कुणबी दोघंही एकाच गावाचं नाव लावत होते.

*यवनस सिहधयान.* जात परकी, नाव देशी. कार्ल्याचे इतर यवनही यशवर्धन, धर्म अशीच नावं सांगतात. हे ग्रीक वंशाचे की ग्रीक नगराचं नागरिकत्व मिळालेले भारतीय, यावर डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांच्यापासून चर्चा चालू आहे. मला त्यात फारसा रस नाही. ज्यानं पाच शब्दांच्या लेखातला एक शब्द ‘यवन’ या ओळखीवर खर्च केला, त्याला ती ओळख सांगण्याजोगी वाटत होती, एवढं भाष्याला पुरतं.

*थंभो.* खांब जवळून पाहावा. पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, घटातून वर निघालेला अठकोनी दांडा, त्यावर उलट्या घंटेसारखं शीर्ष आणि सर्वांत वर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्या पाठीवर जोडपी. अक्षरं दांड्याच्या एका पैलूवर आहेत. आता गंमत अशी की छत या खांबावर उभं नाही. डोंगर आतून कोरत गेले आणि खांबाभोवतीचा दगड काढून टाकला. खांब काढला असता तरी छत पडलं नसतं. सिंहध्वजानं दिलं ते बांधकामाचं गरजेचं अंग नव्हे. त्यानं कोरणाऱ्यांची मजुरी भरली.

प्लेटोच्या ‘नियम’ या अखेरच्या ग्रंथात, बाराव्या भागात, देवळात काय वाहावं याचे नियम आहेत. सोनं-चांदी नको, त्यानं मत्सर वाढतो. हस्तिदंत मेलेल्या देहातून येतो म्हणून नको. लोखंड आणि कांसं युद्धाची हत्यारं म्हणून नकोत. लाकूड चालेल, पण एकसंध. दगडही तसाच, आणि तो सार्वजनिक देवस्थानात. घरात खाजगी देव्हारा थाटायला दहाव्या भागात बंदी आहे. कार्ल्याचा खांब प्लेटोच्या या चाळणीतून सहज जातो, कारण तो आख्ख्या डोंगराशी एकसंध आहे.

*दानं.* सगळा वाद या शब्दापाशी येतो. ग्रीक देवळांतल्या अर्पणलेखांत पुष्कळदा कारण लिहिलेलं असतं: नवस बोललो होतो, तो फेडला, कमाईचा दहावा हिस्सा दिला, संकटातून वाचलो म्हणून वाहिलं. कार्ल्याच्या यवनाच्या लेखात मागणं नाही आणि फेडही नाही. चैत्याच्या दाराशीच आज एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी आणि कायस्थ प्रभूंची कुलदेवता, नवसाला पावणारी. बाहेर नवस आणि आत नवसाविना दान, हे शेजारपण मला फार बोलकं वाटतं.

प्लेटोनं तीन प्रकारचे नास्तिक सांगितले. देव नाहीत म्हणणारे. आहेत पण माणसाकडे पाहत नाहीत म्हणणारे. आणि आहेत, पाहतात, पण यज्ञ-नैवेद्यानं वळवता येतात म्हणणारे. तिसरा त्याला सर्वांत वाईट वाटे, कारण तो देवाला लाचखाऊ ठरवतो. सिनिक डायोजेनिसनं हीच गोष्ट टोमण्यात मारली. सामोथ्रेस बेटावर समुद्रातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या वस्तूंचा ढीग पाहून तो म्हणाला, बुडालेल्यांनीही वाहिलं असतं तर ढीग याहून मोठा दिसला असता. स्टोइक पंथाचा संस्थापक झीनो आणखी पुढे गेला. त्याच्या आदर्श राज्यात देऊळच नको. गवंड्यांनी रचलेली वस्तू पवित्र कशी, असा त्याचा सवाल. प्लूटार्कनं नंतर स्टोइकांना हटकलं की तुमचा गुरू देवळं नको म्हणतो आणि तुम्ही देवळात जाऊन यज्ञ करता. टोला बरोबर बसला. पण स्टोइक मूर्ख नव्हते. नगराचा आचार पाळावा, तो देवाच्या गरजेपोटी आहे असं मात्र समजू नये, अशी त्यांची बैठक होती. ‘दानं’ एवढंच लिहून थांबणाऱ्याला त्या बैठकीत जागा मिळाली असती.

२. वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदीपम्हि उतमं
(कार्ले, ओसरीची भिंत: वैजयंतीच्या शेठ भूतपालानं जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह सिद्धीस नेलं.)

हा यवन नव्हे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. तरी ही पंक्ती इथे हवीच, कारण ग्रीक नीतिशास्त्रातला एक सद्गुण कार्ल्यात कोणाच्या अंगी दिसत असेल तर तो या शेठच्या.

अ‍ॅरिस्टॉटल ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात उदारपणा आणि भव्यदानशीलता यांत फरक करतो. उदार कोणालाही होता येतं. भव्य दान ऐपतदारानंच करावं. त्याच्या उदाहरणांत देवांसाठीची अर्पणं, देवळं आणि यज्ञ अग्रभागी आहेत, म्हणजे साऱ्या नगराच्या उपयोगी पडणारा खर्च. अशा माणसानं ‘किती लागेल’ हे आधी विचारू नये, ‘सर्वांत सुंदर कसं होईल’ हे विचारावं. एका टोकाला चिंधीचोर, जो मोठा खर्च करून शेवटी क्षुल्लक बाबीत हात आखडतो आणि सगळं बिघडवतो. दुसऱ्या टोकाला दिखाऊ, जो मंडळाच्या साध्या जेवणावळीला लग्नाचा थाट करतो.

भूतपालाचं ‘उतमं’ दिखाऊपणात मोडतं का? मला नाही वाटत. त्यानं पैशाचा आकडा लिहिला नाही, वास्तूचा दर्जा लिहिला. आणि त्या काळातलं कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं तर दावा फारसा फुगवलेला नाही. तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलचा सद्गुण बनवासीच्या शेठकडे, आणि ‘यवन’ म्हणवणारा मात्र पाच शब्दांत उरकणारा. ‘ग्रीक प्रभाव’ शोधत फिरणाऱ्यांनी या अदलाबदलीवर थोडं थांबावं.

३. धेनुकाकटा धंमयवनस
(कार्ले, खांब: धेनुकाकटाच्या धर्म यवनाचं.)

इथे ‘दान’ हाही शब्द नाही. नाव, गाव, षष्ठी विभक्ती, वाक्य संपलं. याच सुमारास, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आशिया मायनरमधल्या ओइनोआंडा गावी डायोजेनिस नावाच्या एका म्हाताऱ्या एपिक्युरियनानं भर वस्तीतल्या एका भिंतीवर आपल्या गुरूची, एपिक्युरसची, सगळी शिकवण हजारो शब्दांत कोरून घेतली: देवांची भीती नको, मरणाची नको, दुःख सोसण्याजोगं असतं. जाणाऱ्या-येणाऱ्या परक्यांनाही ते औषध मिळावं, हा हेतू. त्याचे तुकडे अजून सापडतात. कार्ल्याच्या धर्म यवनाकडेही दगड होता, पैसा होता. सिद्धांत त्यानं कोरला नाही.

४. यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम संघे
(जुन्नर: गत लोकांतल्या चिट यवनाचं भोजनमंडपाचं धर्मदान, संघाला.)

जुन्नरला इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिटानं जेवणाचा मंडप दिला, आणि घेणाऱ्याचं नाव स्पष्ट लिहिलं: संघे.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’त सॉक्रेटिस विचारतो, आपल्या देण्यानं देवांचा फायदा काय होतो? देवांना कशाची उणीव नसेल, तर भक्ती म्हणजे देव आणि माणूस यांच्यातला व्यापारच ठरतो का? युथिफ्रोला उत्तर सापडत नाही. बंदरांकडून घाट चढून जुन्नरच्या पेठेत येणाऱ्यांना व्यापार पक्का ठाऊक होता, आणि चिटानं दान दिलं ते भूक लागणाऱ्या माणसांना. सॉक्रेटिसचा प्रश्न त्याला लागूच होत नाही.

एपिक्युरसला हा मंडप रुचला असता. त्याच्या मते देव आपल्या आनंदात मग्न असतात, माणसाच्या कारभारात पडत नाहीत. सणवार मात्र पाळावेत. त्याच्या अथेन्समधल्या बागेत बायकांना आणि गुलामांनाही जागा होती, आणि दर महिन्याच्या 20 तारखेला सगळ्यांनी जमावं, त्याचा खर्च इस्टेटीतून व्हावा, असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं.

५. मातापितरो उदिस … सवबुधपुजाय चातुदिसस भिखुसंघस नियातितं सह पुतेन धंमरखितेन
(नाशिक, पांडवलेणी: आईवडिलांना उद्देशून, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, चारी दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण, मुलगा धर्मरक्षित याच्यासह.)

दाता इंद्राग्निदत्त. उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक म्हणजे यवन, धर्मदेवाचा मुलगा. हा बोलका लेख आहे, आणि यात कारणंही आहेत.

*मातापितरो उदिस.* आईवडील आणि देव यांचं ऋण फिटत नाही, जमेल तेवढं करावं, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. ग्रीक शिकवण या दिशेला खरोखर पोचली होती. 1966 साली अफगाणिस्तानातल्या आय खानुम इथे फ्रेंच उत्खननात एक शिलालेख मिळाला. क्लेआर्कस नावाच्या कोणी डेल्फीची नीतिवचनं उतरवून आणून त्या दूरच्या नगरात कोरली होती: लहानपणी शिस्त, तरुणपणी संयम, मध्यम वयात न्याय, म्हातारपणी शहाणा सल्ला, मरताना शोक नाही. अशोकाच्या एका आज्ञेचा ग्रीक अनुवादही कंदाहारला मिळाला आहे. पण आय खानुम इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातच उद्ध्वस्त झालं. इंद्राग्निदत्ताची पितृभक्ती तिथून आली असं मानायचं कारण नाही; ती भारतीय दानलेखांत सर्रास आढळते.

*सवबुधपुजाय.* बुद्ध परिनिर्वाण पावला, मग त्याची पूजा त्याला पोचते कशी? हा प्रश्न बौद्ध ग्रंथात नेमका एका यवनाच्याच तोंडी घातला आहे. ‘मिलिंदपन्ह’मध्ये राजा मिलिंद नागसेनाला कोंडीत पकडतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो पुरता निर्वाण पावला नाही, पावला असेल तर पूजा वांझ. नागसेन म्हणतो, तो स्वीकारत नाही, तरी फळ देणाऱ्याला मिळतं. सॉक्रेटिसनं युथिफ्रोला अडवलं ते याच वळणावर. रोममध्ये पहिल्या शतकात स्टोइक सेनेकानं देण्याघेण्यावर सात भाग लिहिले. उपकार वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या मनात असतो, हे त्याचं मुख्य सूत्र. तो आणि नागसेन एकमेकांना न ओळखता बरेच जवळ येतात. फरक उरतो तो फळाचा: सेनेकाला देण्यातच सारं पावलं, नागसेनाला पुढचे जन्मही मोजायचे आहेत.

*सह पुतेन धंमरखितेन.* अथेन्सच्या शाळा गुरूकडून शिष्याकडे गेल्या. एपिक्युरसनं बाग हर्मार्कसच्या स्वाधीन केली, झीनोमागून क्लेअँथिस आला. नाशिकच्या योनकाकडे वारसा घरातून चालला. आजोबा धर्मदेव, नातू धर्मरक्षित, आणि मधल्या पिढीचं नाव मात्र इंद्र आणि अग्नी या वैदिक देवतांवरून. बापानं मुलाला ते नाव दिलं आणि त्या मुलानं बुद्धासाठी लेणं कोरलं, यात त्या घराला काही अडचण वाटलेली दिसत नाही. या विसंगतीबद्दल प्लेटोनं त्यांना नक्कीच जाब विचारला असता.