देवघराचा उंबरठा आणि सरकारी हुकूम

मार्च २०२० मधली एक संध्याकाळ. मुलाकडे मुऐदरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. जवळच्या मशिदीतली अजान त्या दिवशी निराळी वाटली. शेजारच्या गृहस्थांनी अर्थ सांगितला: ‘आपापल्या घरीच नमाज पढा.’ कतारमधल्या मशिदी १७ मार्चपासून बंद झाल्या होत्या. नऊ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, देवाचं घर सरकारला बंद करता येतं?”

पस्तीस वर्षे इतिहास शिकवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. आता प्रयत्न करतो.

माझी आजी पुण्याची. प्लेगच्या साली ती सात वर्षांची होती. गोरे सोजीर बुटांसह देवघरात शिरले, ही तिची आठवण मी लहानपणी अनेकदा ऐकली. सोजिरांना ही मुभा कोणी दिली? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मोजून चार कलमे. साथीपुढे नेहमीचे कायदे अपुरे वाटले, तर सरकार हवे ते नियम करू शकेल, हे त्याचे सार. चौथ्या कलमाने संरक्षणही दिले; पण ते ‘सद्भावनेने’ काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना. देवळाला, मशिदीला, घरातल्या देव्हाऱ्याला त्यात शब्दाचाही आधार नव्हता. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्यांनाही मनाई झाली. पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत: २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंड, रँड आणि चापेकर बंधू. साथ खरी होती, घरे तपासण्याची गरजही खरी होती. लोकांचा संताप झाला तो तपासणीच्या रीतीमुळे, आणि दाद मागायला जागा नव्हती म्हणून.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही उणीव भरून काढली. कलम २५ ने व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य दिले, तर कलम २६ ने धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क दिला. मात्र दोन्ही कलमांची सुरुवातच एका अटीने होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. कतारच्या संविधानाचे कलम ५० ही उपासनेची हमी देते, तीही कायदा, सुव्यवस्था आणि नीतिमत्ता यांच्या मर्यादेत.

१९७५ च्या आणीबाणीत या हक्कांची कसोटी लागली. न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा कलमांत १४, २१ आणि २२ ही होती, २५ नव्हते. तरीही ४ जुलै १९७५ ला ज्या संघटनांवर बंदी आली, त्यांत जमात-ए-इस्लामी आणि आनंदमार्गही होते. पूजेचा हक्क कागदावर शाबूत होता, पण अटकेविरुद्ध दाद नसेल तर तो बजावायचा कोणी? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ ला आणीबाणीतही हात लावता येणार नाही, अशी तजवीज केली. धर्मसंस्थांनाही त्याचा आधार आहे, कारण संस्था म्हणजे शेवटी माणसेच.

२०२० मध्ये तशी आणीबाणी नव्हती. महाराष्ट्राचे हुकूम निघाले ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आणि आजीच्या वेळच्या त्याच १८९७ च्या कायद्याखाली! आषाढीला पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही. मंडळाने आरोग्योत्सव केला. फरक इतकाच, की यावेळी न्यायालयाचे दार उघडे होते. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये पुरीची रथयात्रा आधी थांबवली, मग भाविकांच्या गर्दीविना होऊ दिली. ऑगस्टमध्ये पर्युषणासाठी दादर, भायखळा व चेंबूर इथली जैन मंदिरे शेवटचे दोन दिवस मोजक्या भाविकांना उघडली. आर्थिक व्यवहारांना मुभा आणि प्रार्थनेला मात्र मनाई, याबद्दल सरन्यायाधीश बोबडे यांनी आश्चर्य व्यक्त केले.

मलाही तोच प्रश्न पडत होता. ५ ऑक्टोबरला राज्यात हॉटेले आणि बार उघडले, देवळे बंदच. माझे थोरले बंधू बावीस वर्षांचे वारकरी. त्याच सप्टेंबरात पुण्यात करोनाने गेले. त्यांचे तेरावे मी इथे बसून पडद्यावर पाहिले. राग कोणावर धरायचा ते कळेना. देवळे बंद ठेवली म्हणून सरकारवर, की गर्दी झाली असती तर आणखी किती घरांत तेरावे झाले असते, याचा विचार न करणाऱ्या स्वतःवर?

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली. त्या सकाळी नातीला मी उत्तर दिले: “हो, बंद करता येतं. पण सगळ्यांना एकच नियम हवा, किती दिवस ते सांगायला हवं, आणि ‘का?’ असं विचारायला एक दार उघडं हवं.” ती म्हणाली, “म्हणजे आईबाबांनी मला बाहेर जायला नाही म्हटलं, तरी हेच तीन नियम?” सूनबाई हसल्या. मी मात्र गंभीरपणे ‘हो’ म्हणालो.

यंदा आपण मंडळात एकत्र जमून फराळ करू, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. त्यांनी ‘का?’ विचारले, तर रागावू नका.